भिंत छतापर्यंतच होती

नांदेडच्या आमच्या घराला दोन छतं आहेत. वरचं पत्र्याचं, आजोबांनी घातलेलं. खालचं प्लायवूडचं, ते बाबा आणि काका एकत्र राहत होते तेव्हा दोघांनी मिळून बसवलं. पत्रे खूप उंच होते, सांध्यांतून धूळ गळायची, ताटात पडायची. म्हणून लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिला खालून प्लाय ठोकला आणि पांढरा रंग दिला. गल्लीतल्या बायका तेव्हा मुद्दाम बघायला आल्या होत्या, असं आई अजून सांगते.

पुढं मी शाळेत असतानाच दोघं भाऊ वेगळे झाले. मोठं भांडण असं काही झालं नाही. आधी दोन चुली झाल्या, मग रस्त्याकडं दोन दारं झाली, आणि मग घराच्या मधोमध विटांची भिंत आली. अलीकडं आम्ही, पलीकडं काका, काकू आणि माझी चुलत बहीण. दोन्ही घरांत मिळून आम्ही दोघीच मुली, एका वयाच्या, एकाच शाळेत जाणाऱ्या. भिंत झाल्यावर आमचं बरोबर जाणं बंद झालं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण झालं.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. बहीण लग्न करून गेली होती, ती सासर सोडून परत आली आणि काकूजवळच राहिली. नर्सिंग शिकलेली होती, एका खासगी दवाखान्यात जायला लागली. मी लातूरला असते, शाळेत शिकवते. सुट्ट्या लागल्या की उन्हाळ्यात आईकडं येते.

औंदाचा उन्हाळा आईला सोसला नाही. दुपारी बारानंतर पत्रे तडतडायला लागायचे आणि प्लायला हात लावला तर तोही गरम लागायचा. कूलर गरम वाफच अंगावर टाकायचा. आईला बीपी आहे. दोनदा चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात बसली. डॉक्टर म्हणाले, दुपारी गार खोलीत ठेवा. गार खोली आणायची कुठून? मग कुणीतरी सुचवलं की छत पाडायची गरज नाही, प्लायच्या वर काचेची लोकर अंथरता येते, वरची उष्णता वरच अडते. मी चौकशी केली, अर्धापूरकडचा एक मिस्तरी ठरवला आणि सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं.

मिस्तरी फार बडबड्या होता. बरोबर त्याचा मेहुणा होता, तो तितकाच गप्प. पिवळ्या लोकरीच्या मोठ्या गुंडाळ्या त्यांनी ओट्यावर आणून टाकल्या. एका बाजूला चंदेरी कागद, दुसऱ्या बाजूला ती लोकर. "हिला हात लावू नका ताई, लई खाजतं," असं म्हणत मिस्तरीनं तोंडाला रुमाल बांधला, मधल्या खोलीतला प्लायचा एक तुकडा उचकटला आणि शिडीवरून अर्धा वर गेला. त्याचे पाय तेवढे खोलीत दिसत होते. मी शिडी धरून उभी होते.

थोड्या वेळानं वरून त्याचा आवाज आला. "ताई, ही मधली भिंत वरपर्यंत न्हाई की."

"म्हणजे?"

"प्लायपाशीच थांबलीय. वर समदं मोकळं हाय. पलीकडच्या घरातला उजेड दिसून राहिला मला, पंख्याच्या भोकातून."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यानं काही बिघडतं का, एवढंच मी विचारलं.

"बिघडतं म्हणजे, तिकडची गरम हवा इकडं येणारच." मग तो हसला. "आवाज बी येतो की. पलीकडं एक बाई म्हणून राहिल्या, हळू बोल, वर माणूस हाय."

हे तो गमतीनं म्हणाला, आणि उंचावर चढलेला माणूस जसा बोलतो तसा मोठ्यानं म्हणाला. मी शिडी धरूनच राहिले. मला आधी त्या वाक्याचा अर्थ लागेना. काकू आपल्या घरात आपल्या मुलीला हळू बोल म्हणतात, कारण वर माणूस आहे. म्हणजे वर बोलणं ऐकू जातं हे त्यांना ठाऊक आहे. मिस्तरीला वर जाऊन पाच मिनिटं झाली होती. त्यांना हे आज कळलेलं नव्हतं.

नेमकं त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून बोलली. तिनं मिस्तरीचं अर्धंच ऐकलं होतं, गरम हवेचं. आईचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात बाबांना कमी ऐकू येतं म्हणून आयुष्यभर ओरडून बोलायची सवय. ती म्हणाली, "तिला काय झालं. तरास आमचा अन गारवा तिच्या घरात. आयतं मिळायची सवयच हाय त्या बाईला."

मी तिला हातानं खूण केली. ओठावर बोट ठेवलं.

"कामून?" आई म्हणाली. "माझ्या घरात मला बोलायची चोरी?"

मिस्तरीला खाली उतरवून मी स्वतः शिडीवर चढले. डोकं त्या भोकातून वर काढलं. आत भट्टीसारखं तापलं होतं. धूळ, कोळ्याची जाळी, जुन्या वायरी. विटांची भिंत खरंच प्लायच्या पातळीला थांबली होती. तिच्या माथ्यावर साधा गिलावाही नव्हता. तिच्यापलीकडं तसाच अंधार, आणि अंधारात काकूंच्या पंख्याच्या दांड्याभोवती उजेडाचं एक कडं. खालून भांड्यात चमचा फिरवल्याचा आवाज आला. मग तो थांबला. मग माझ्या बहिणीचा आवाज. दबकाच होता, पण कुणी शेजारी उभं राहून कानात बोलावं इतका स्पष्ट. "आई, तू आत चल."

मी खाली उतरले आणि मिस्तरीला म्हणाले, आज राहू द्या, उद्या बघू.

ती मधली खोली म्हणजे आमची बोलायची खोली होती. दुपारची जेवणं झाली की आई आणि मी त्या दिवाणावर आडव्या व्हायचो आणि बोलत राहायचो. लग्नाआधी तेच, लग्नानंतरही तेच. सासरचं, शाळेचं, भावकीचं. त्यात पलीकडच्या घराचा विषय रोजचा. काकूंच्या घरातून आवाज म्हणून येत नसे. कधी भांडं वाजलं तर वाजलं, तेही आम्हाला भिंतीतून आल्यासारखं वाटायचं. आई म्हणायची, घमेंड हाय बाईला, लेकीला बी तसंच शिकवलंय, तोंडातून शब्द काढतील तर शपथ. मीही हसून हो म्हणायचे. मी तर त्या घराला मुक्यांचं घर असं नावच ठेवलं होतं.

आईला हे सांगायचं कुठं, हाच प्रश्न झाला. घरात सांगता येईना. ओट्यावर सांगावं तर काकूंचा ओटा लागूनच आहे. शेवटी मी ज्वारीचा डबा घेतला आणि तिला म्हटलं, चल, गिरणीत जाऊन येऊ. ती म्हणाली, पीठ हाय की घरात. मी म्हटलं, चल.

गिरणीच्या घरघरीत मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. तिनं आधी मान उडवली.

"काहीतरीच. इतक्या वर्षांत आपल्याला ऐकू आलं का त्यांचं?"

"ते हळू बोलतात, आई. त्यांना माहीत हाय म्हणून हळू बोलतात."

"कूलर चालू राहतो की आपला."

"उन्हाळ्यातच ना."

 गिरणीवाल्यानं डबा मागितला तो तिला कळला नाही, मीच दिला. ती तिथल्या एका पोत्यावर बसली. पदर डोक्यावर नव्हता, तो तिनं नीट घेतला, जसा कुणी मोठं माणूस समोर आल्यावर घ्यावा तसा. मग माझा हात ओढून मला खाली वाकवलं आणि म्हणाली, "समदं?"

"समदं."

"तुझे काका गेले तेव्हा दहाव्यानंतर मी म्हणलं होतं, बाईच्या घरातून रडायचा आवाज येत न्हाई, काळीज दगडाचं हाय. तुला म्हणलं होतं का तुझ्या बाबांना?"

"बाबांना. मी तेव्हा लातूरला होते."

"म्हणजे मोठ्यानंच म्हणलं असंल," आई म्हणाली.

 घराच्या दारात आल्यावर चप्पल काढतानाही तिनं आवाज होऊ दिला नाही. संध्याकाळी बाबांनी तिला विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का? तिनं नुसती मान हलवली. बाबा म्हणाले, मोठ्यानं बोल, ऐकू येईना. आता त्यांना कसं सांगणार? बाबा सबंध आयुष्य बस डेपोच्या वर्कशॉपात होते, कान तिथंच गेले. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे पलीकडं सांगायचं. मी त्यांना चहा प्यायला म्हणून चौकातल्या रिक्षा थांब्यापर्यंत नेलं आणि हॉर्नच्या गोंगाटात सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाव. मीच सांगितलं होतं तेव्हाच्या मिस्तरीला. वरनं मोकळं ठेव म्हणलं, वारं खेळतं."

"आवाजाचं नाही आलं ध्यानात?"

"आलं की. तोच म्हणला होता, आवाज जाईल. मी म्हणलं, गेला तर गेला. वेगळं झालं तरी भाऊच हाय." चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. "तवा काय माहीत, काय काय बोलणं होईल ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी आला आणि त्यानं अडचण सांगितली. फक्त आमच्या बाजूला लोकर घालून उपयोग कमी, पलीकडच्या पोकळीतली उष्णता येत राहणार. एक तर दोन्ही घरांवर अंथरा, नाहीतर मधली भिंत पत्र्यापर्यंत वर न्या. काहीही करायचं असलं तरी पलीकडच्या घरातून चढावं लागणार. म्हणजे काकूंना विचारणं आलं. मी आईकडं बघितलं. आई भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत बसली होती. ती अगदी हळू म्हणाली, "तूच जा."

काकूंच्या घरी मी कित्येक महिन्यांनी गेले असेन. दारं शेजारी असून. काकू खाली बसून चिंचा फोडत होत्या, बहीण खुर्चीत बसून मोबाइल बघत होती, तिची दुपारची पाळी होती. काकूंनी मला बस म्हटलं, पाणी दिलं. मी लोकरीचं सांगितलं, उष्णतेचं सांगितलं, दोन्हीकडं घालून घेऊ म्हणाले. काकू म्हणाल्या, घाला की, आमची काय हरकत. त्यांचा आवाज खूप हळू होता. तो नेहमीच तसा असायचा. मी आजवर त्याला त्यांचा स्वभाव समजत होते.

मग बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि मला उठताही येईना.

"काकू," मी म्हणाले, "वरनं आवाज येतो आमचा."

"हाव," काकू म्हणाल्या. चिंचोका काढून त्यांनी बाजूला टाकला.

"कधीपासून?"

"भिंत झाली तवापासून."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगावं माय? तुमचं समदं ऐकू येतं म्हणून सांगावं? मग अक्का म्हणल्या असत्या, कान लावून बसती." माझ्या आईला त्या अक्का म्हणतात. त्यांनी दुसरी चिंच घेतली. "पहिल्या पहिल्यांदा वाटायचं, सांगून टाकावं. तुझे काका बी म्हणायचे. मग सांगू, मग सांगू करता करता इतकं कानावर आलं की सांगायची सोयच राहिली न्हाई. सांगितलं असतं तर अक्कांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग म्हणलं, आपणच हळू बोलावं."

 मी काहीतरी म्हणायला हवं होतं. आईच्या वतीनं, माझ्या वतीनं. शब्द तोंडाशी येत नव्हते असं नाही. सगळे येत होते आणि सगळे त्या घरात मोठे वाटत होते.

तेव्हा बहिणीनं मोबाइल खाली ठेवला. ती म्हणाली, "आम्ही न्हाई ऐकायचं म्हणून किती केलं माहीत हाय का? माझे बाबा रेडिओ लावायचे, तर आई म्हणायची, बंद कर, त्यांना कळंल. मी अभ्यास बाहेर ओट्यावर केला. पाहुणे आले की आई त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवती. माझ्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. घरात मोठ्यानं हसलं तरी आई डोळे वटारती."

"हळू," काकू म्हणाल्या.

"बघ," बहीण मला म्हणाली. "अजून बी."

"राहू दे गं," काकू म्हणाल्या.

"न्हाई. एकदा बोलून राहिलोय तर बोलू दे." ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, त्या घरात तो चढायलाच शिकला नव्हता. "मी सासर सोडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, म्हणलं, हिनंच काहीतरी केलं असंल, सरळ पोरगी असं घर सोडून येत न्हाई. अन तू म्हणलीस, ती पहिल्यापासून तशीच हाय, आतल्या गाठीची. मी इथंच पडले होते, ह्या पलंगावर."

मला ते आठवलं. तिनं सांगितलं नसतं तर कधीच आठवलं नसतं, पण सांगताक्षणी आठवलं. मी बोलताना काय खात होते तेही आठवलं.

"अन गेल्या दिवाळीत तू आलीस," ती पुढं म्हणाली. तिथं ती थांबली. तिनं काकूंकडं बघितलं. काकूंनी मान खाली घातली.

ती काय म्हणणार ते मला कळलं. गेल्या दिवाळीत मी नवऱ्याशी भांडून नांदेडला आले होते, परत जायचं नाही असं ठरवून. का, ते इथं लिहीत नाही. आईला मी सगळं सांगितलं होतं, त्याच दिवाणावर, रडत, काहीही न लपवता. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती, तुझी काहीच चूक न्हाई माय, बाईमाणसानं किती सोसावं, ह्या घराचं दार तुला कायम उघडं हाय. पंधरा दिवसांनी मी परत गेले. आई-बाबा सोडून हे जगात कुणाला ठाऊक नाही, असं मी समजत होते.

"तुला काकू काय म्हणल्या ते बी ऐकलं मी," बहीण म्हणाली. "मला काय म्हणल्या होत्या ते बी ऐकलं होतं. दोन्ही ह्याच घरात बसून."

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग काकू म्हणाल्या, "त्यातलं एक अक्षर ह्या घराबाहेर गेलं न्हाई, बाई. तू त्याची काळजी करू नको."

ते खरं होतं. आमची भावकी मोठी, लग्नाकार्यात पन्नास बायका एका ठिकाणी बसतात, एवढीशी गोष्टही सुटत नाही. माझी गोष्ट कुठंच निघाली नव्हती. मी तिथून उठले तेव्हा माझा हात दाराच्या कडीला लागला आणि ती वाजली, तर मी दचकून तिला धरली. बहीण ते बघत होती. तिला हसू आलं असावं, पण ती हसली नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं नाही. काकू हो म्हणाल्या एवढंच सांगितलं. पण आईनं माझ्या चेहऱ्याकडं बघून ओळखलं. त्या दिवशी ती जेवली नाही. बाबांनी कारण विचारलं तर पोटाकडं बोट दाखवलं.

काम पलीकडच्या बाजूला सुरू झालं तेव्हा बहिणीनं मिस्तरीला एकच अट घातली. लोकर घाला की नका घालू, भिंत आधी पत्र्यापर्यंत न्या. मिस्तरी म्हणाला, विटा वर चढवायला जागा अपुरी आहे, बोर्ड ठोकून आत लोकर भरतो, त्यानंही काम भागतं. ती म्हणाली, विटाच लावा. त्यानं कुरकुर केली, पण गवंडी आणला. दोन दिवस घरात सिमेंट सांडत होतं. मी सगळं झाकलं, पुसलं, कशाला हरकत घेतली नाही.

भिंत पूर्ण होण्याआधी, एका सकाळी, आई पलीकडं गेली. मला काही सांगितलं नाही. नुसती उठली, चांगलं लुगडं नेसली आणि गेली. मी मधल्या खोलीत होते. प्लायचा तुकडा अजून उघडाच होता आणि गवंडी यायचा होता. ऐकायचं नाही असं ठरवून मी बाहेर जाणार होते. गेले नाही.

बराच वेळ नुसता चिंचा फोडल्याचा आवाज येत होता. दोन हातांचा नाही, चार हातांचा. मग आईचा आवाज आला, इतका हळू की तो तिचा आहे हे मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "औंदा चिंच चांगली हाय."

"हाव," काकू म्हणाल्या. "गावाकडनं आली."

पुन्हा चिंचा. मग आई म्हणाली, "पोरगी हाय का घरात?"

"हाय. आत हाय."

"तिला म्हणावं, दुपारी आमच्याकडं येऊन पडत जा. आमची खोली गार होणार हाय आता."

मला तिथं बसल्या जागी लाज वाटली. हे सांगायला गेली होती का ती? पण मला तिचा सूर माहीत आहे. एवढंच तिला जमत होतं.

आतून बहीण बाहेर आली असावी. ती म्हणाली, "नको, काकू. आमचं घर बी गार होईल ना आता."

"होईल," आई म्हणाली. "होईल की." मग थोड्या वेळानं, "मी लई वाईट बोलले गं तुला."

ह्यावर पलीकडून कुणाचंच उत्तर आलं नाही. निदान मला ऐकू येईल असं आलं नाही. आई परत आली तेव्हा तिची बोटं चिंचेनं तांबडी झाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, वरच्या उघड्या भोकाकडं बघितलं आणि विचारलं, "ऐकलंस?"

मी हो म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

लोकर अंथरून, प्लाय परत ठोकून, रंगाचा हात मारून काम संपलं. घर खरंच गार झालं. भर दुपारी प्लायला हात लावला तर तो भिंतीइतकाच थंड लागायचा. आईची चक्कर थांबली. मिस्तरी जाताना म्हणाला, आता खुशाल ओरडा ताई, पलीकडं काहीच कळणार नाही. बाबा सोडून कुणी हसलं नाही, आणि बाबांना ते नीट ऐकू आलेलं नव्हतं. आई अजून हळूच बोलते. बाबा वैतागतात. दोघांची त्यावरून रोज कटकट होते, तीही दबक्या आवाजात.

पाऊसकाळ सरता सरता बहिणीला आरोग्य खात्यात कंत्राटी नर्सची जागा मिळाली, शिरूर अनंतपाळजवळच्या एका उपकेंद्रात. नांदेडहून जाता-येता ती लातूरला बस बदलते, हे मला आईकडून कळलं. मी तिला फोन केला, घरी ये म्हटलं. तिनं बघू म्हटलं. मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा ती आली.

रविवारची संध्याकाळ होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर. मी चहा केला. आतल्या खोलीत माझा नवरा टीव्ही बघत होता. तो बाहेर येऊन दोन शब्द बोलला, कसं काय, नोकरी कशी आहे, आणि परत आत गेला. तिनं त्याला नीट उत्तरं दिली. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "बरं चाललंय?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देते. तिला ते देता येईना. ज्या माणसाला माझं सगळं ठाऊक आहे त्याला काय सांगायचं ह्याची मला सवय नव्हती. मी म्हणाले, "चाललंय."

तिनं मान हलवली. पुढं विचारलं नाही.

मग मी बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. आवाज आपोआपच खाली गेला. "मी तेव्हा तुझ्याबद्दल बोलले ते फार चुकीचं होतं. मला काही माहीत नसताना बोलले."

ती कपातल्या चहाकडं बघत होती. "तुला ते आत्ता कळलंय," ती म्हणाली. "मला ते जुनं झालं. मी ते घेऊन किती वर्षं झोपले, उठले, ड्यूटीला गेले. आता तू माफी मागितली तर मी काय करू तिचं, हे मला बी कळंना." ती हे रागानं म्हणत नव्हती. खरंच कळत नसल्यासारखं म्हणत होती.

 तिनं चहा संपवला, कप उचलून स्वतःच बेसिनमध्ये नेऊन ठेवला. बस किती वाजता आहे, मी विचारलं. तिनं सांगितलं. मी स्टँडपर्यंत येते म्हणाले. ती म्हणाली, कशाला, रिक्षा मिळते. तरी मी गेले. रिक्षात आम्ही तिच्या उपकेंद्राबद्दल बोललो. तिथं पाण्याचा त्रास आहे, खोली मिळत नाही, गावातल्या बायका चांगल्या आहेत.

निलंगा, उदगीर, शिरूर अशा गाड्या लागल्या होत्या. तिची गाडी भरलेली होती. ती आत शिरली, मला खिडकीतून दिसली, मग गर्दीत दिसेनाशी झाली. गाडी हलेपर्यंत मी तिथंच उभी होते. पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन केला. तिनं उचलला, म्हणाली, ह्या वेळी उशीर झालाय, थेट जाते. बघू पुढं कधी.